गावाची सभा, गावाचे राज्य : गोंड समाजाची परंपरागत स्वशासन पद्धती

नाशिक शहरात जुन्या आग्रा रस्त्याने जाताना आदिवासी विकास भवनाची इमारत लागते. महाराष्ट्र शासनाच्या आदिवासी विकास विभागाचे आयुक्तालय येथे आहे. सुरगाण्याच्या कोकणा समाजाचे, इगतपुरीच्या महादेव कोळ्यांचे, नंदुरबारच्या भिल्लांचे आणि त्याचप्रमाणे येथून आठशेहून अधिक किलोमीटर अंतरावर राहणाऱ्या गडचिरोलीच्या गोंड व माडिया बांधवांचे अनेक प्रश्न कागदावर उतरून या इमारतीत येतात. आश्रमशाळा, वसतिगृहे, शिष्यवृत्त्या असा हा मोठा व्याप आहे. आदिवासी विद्यार्थ्यांचे मोर्चे या दारापर्यंत आलेले नाशिककरांनी अनेकदा पाहिले आहेत.

आपल्या धर्मप्रांताच्या पाचही जिल्ह्यांत आदिवासी बांधव राहतात. त्यांच्यातील जे ख्रिस्ती भाविक आहेत, ते आपल्याबरोबर एकाच वेदीभोवती जमतात. असे असूनही त्यांच्याविषयी आपल्या मनात नकळत एक चित्र तयार झालेले असते. ही माणसे साधी, भोळी. कारभार कसा करावा हे त्यांना ठाऊक नाही, ते बाहेरून कोणीतरी शिकवावे लागते, असे ते चित्र. हा समज किती उथळ आहे हे गोंड समाजाच्या स्वशासनाचा परिचय करून घेतला म्हणजे ध्यानात येते. तो परिचय करून देणे हा या लेखाचा हेतू आहे. आणि त्यातून आपल्या ख्रिस्ती आदिवासी बांधवांपुढे उभा राहिलेला एक अवघड प्रश्नही शेवटी मांडावयाचा आहे.

गोंड स्वतःला 'कोया' अथवा 'कोयतूर' म्हणवतात. या शब्दाचा अर्थ 'माणूस' असा होतो. त्यांची गोंडी भाषा तेलुगू व कन्नड यांच्याप्रमाणे द्राविड कुळातील आहे. महाराष्ट्रात गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ, गोंदिया, नागपूर या जिल्ह्यांत आणि नांदेडच्या किनवट परिसरात त्यांची वस्ती आहे. राज्याबाहेर मध्य प्रदेश, छत्तीसगड व तेलंगणा येथे ते मोठ्या संख्येने राहतात. भारतातील सर्वांत मोठ्या आदिवासी समाजांत त्यांची गणना होते.

या समाजाची स्वतःची राज्ये होती. गढा-मंडला, देवगड, खेर्ला आणि चांदा ही त्यांतील प्रमुख. मोगल सैन्याशी लढताना १५६४ साली प्राण वेचणारी राणी दुर्गावती ही गढा-मंडल्याची. नागपूर शहर वसविणारा बख्त बुलंद शाह हा देवगडचा गोंड राजा. चांद्याचे, म्हणजे आजच्या चंद्रपूरचे, राज्य १७५१ साली नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात जाईपर्यंत टिकले. चांद्याच्या राजांविषयी मेजर ल्युसी स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने १८६९ च्या सुमारास एक मार्मिक गोष्ट नोंदवून ठेवली आहे. जो रान साफ करील त्याला ती जमीन, आणि जो तलाव बांधील त्याला त्या तलावाच्या पाण्याखाली येईल तेवढी जमीन, असा तेथील राजांचा रिवाज होता. पूर्व विदर्भातील जुन्या तलावांच्या मागे असे राजकीय शहाणपण आहे. राजाने स्वतः तलाव बांधून नाव कोरण्यापेक्षा लोकांकडून तलाव बांधवून घेण्याची ही युक्ती अधिक दूरदृष्टीची म्हटली पाहिजे.

परंतु राजे आले आणि गेले. गोंडांच्या स्वशासनाचे मूळ राजवाड्यात शोधू गेल्यास सापडणार नाही. ते गावात आहे.

गोंडांच्या धारणेप्रमाणे ज्या कुळाने प्रथम रान तोडून तेथील भूमीशी आणि भूमीच्या देवतेशी नाते जोडले, ते गावाचे मूळ कूळ. माडिया गावांतून या कुळातला माणूस 'पेरमा' होतो. पेरणीपूर्वीची पूजा, नवे धान्य अथवा नवे फळ खाण्यापूर्वीचा विधी, गावावर संकट आले असता करावयाचे उपाय ही त्याची कामे. काही भागांत अशाच माणसाला 'गायता' किंवा 'भूमिया' म्हणतात. लौकिक कारभार पाहणारा पाटील अथवा पटेल बहुधा वेगळा असतो. आदिलाबादकडील राजगोंडांमध्ये गावप्रमुखाला 'पटला', गावच्या पुजाऱ्याला 'देवारी' आणि कुळाच्या पुजाऱ्याला 'कटोडा' अशी नावे आहेत. कुळांच्या वंशावळी व कथा मुखोद्गत ठेवण्याचे काम 'परधान' करतात. भागाभागाप्रमाणे नावे बदलतात, कामांची वाटणीही थोडी बदलते.

बाहेरून आलेल्या अधिकाऱ्याला पाटील दिसला की त्याला वाटते, हाच येथील सत्ताधीश. इंग्रजांनी नेमके असेच मानले आणि महसूल, वेठबिगार, गुन्ह्यांची खबर यांसाठी एकाच माणसाला जबाबदार धरले. वस्तुतः पेरमा, गायता किंवा पाटील यांच्यापैकी कोणालाही गावावर हुकूम सोडण्याचा अधिकार परंपरेने दिलेला नाही. हुकूम असतो तो सभेचा. पाटील सभा बोलावतो, बोलणे भरकटले तर सावरतो आणि ठरलेली गोष्ट सर्वांना ऐकू जाईल अशी उच्चारतो. आपल्याकडच्या वडीलधाऱ्या माणसाचा घरात जसा मान असतो तसा त्याचा मान. पण त्या मानाच्या बळावर त्याने गावाला न विचारता जंगलातील झाडे विकली, तर तो मान टिकत नाही.

सभेची जागा म्हणजे गोटुल. गोटुल म्हटले की अनेकांना बस्तरमधील तरुण-तरुणींचे रात्रीचे वसतिस्थान आठवते, कारण व्हेरिअर एल्विन यांच्या १९४७ सालच्या ग्रंथामुळे तेच चित्र जगभर गेले. गडचिरोलीच्या बाजूला मात्र गोटुल हे मुख्यतः गावाच्या एकत्र येण्याचे घर आहे. तेथे सण होतात, पाहुणे उतरतात, तरुण मुले मोठ्यांकडून शिकतात आणि गावाचा न्यायनिवाडाही होतो.

सभेत मतदान होत नाही. हा मुद्दा आपल्या सवयीला इतका परका आहे की त्यावर थोडे थांबले पाहिजे. समजा, बांधावरून दोन भावांत वाद झाला, किंवा कोणाच्या गुरांनी दुसऱ्याचे पीक खाल्ले, किंवा मुलगी कोणाबरोबर निघून गेली. सर्व जमतात. तक्रार करणारा बोलतो, ज्याच्यावर तक्रार आहे तो बोलतो. मग म्हातारी माणसे पूर्वी असे कधी झाले होते आणि तेव्हा काय ठरले होते ते सांगतात. मधूनच विषयांतर होते, हशा होतो, कोणी उठून विडी ओढून येतो. एखादा पटत नाही म्हणून बसून राहिला, तर त्याला सोडून पुढे जाण्याऐवजी सभा पुन्हा त्याच्याकडे वळते. आज नाही पटले तर उद्या, उद्या नाही तर पुढच्या आठवड्यात. बहुमताने निर्णय झाला तर हरलेला पक्ष गावातच राहतो आणि तोच उद्या शेजारच्या शेतात नांगर धरून उभा असतो. म्हणून त्याला हरू द्यायचेच नाही, हे या पद्धतीचे व्यवहारज्ञान आहे. वेळ फार जातो हे खरे. पण ठरलेले मोडणारेही त्यामुळे थोडे असतात.

दोषी ठरलेल्याला दंड होतो आणि त्याचा पुष्कळसा भाग गावाला जेवण देण्यात जातो. ज्याने गावाशी नाते मोडले, त्याच्या घरचे अन्न गावाने एकत्र बसून खाल्ले म्हणजे नाते पुन्हा जुळले. प्रायश्चित्त आणि समेट या गोष्टी एकाच पंगतीत उरकण्याची ही रीत ख्रिस्ती वाचकाला काही अगदीच अपरिचित वाटू नये.

गावाच्या वर इलाका अथवा पट्टी असते. बस्तर संस्थानात प्रशासक म्हणून काम केलेल्या ग्रिगसन यांनी १९३८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात 'परगणा मांझी' या पदाचे वर्णन केले आहे. एका गावात न सुटलेला किंवा दोन गावांमधील वाद त्याच्यापुढे येई. गडचिरोली जिल्ह्यात असे इलाके आजही नांदते आहेत. एटापल्ली तालुक्यातील सुरजागड इलाका सत्तर गावांचा म्हणून ओळखला जातो. दरवर्षी जानेवारीत तेथील डोंगरावर ठाकूरदेवाची यात्रा भरते आणि त्या निमित्ताने इलाक्याची सभा होते. त्याच डोंगरात लोहखनिज आहे. खाणीला या ग्रामसभांनी वारंवार विरोध नोंदविला; खाण २०२१ पासून जोरात चालू आहे. तेलंगणात आदिलाबादच्या राजगोंडांनी 'राय सेंटर' या नावाने आपली न्यायसभा टिकवून धरली आहे. जोडेघाटचा कुमरम भीम १९४० साली निजामाच्या पोलिसांच्या गोळीला बळी पडल्यानंतर मानववंशशास्त्रज्ञ फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्या प्रयत्नाने केसलापूरच्या नागोबा यात्रेत १९४२ साली जो दरबार सुरू झाला, त्यात अधिकाऱ्यांनी लोकांसमोर बसून गाऱ्हाणी ऐकावीत असा पायंडा पडला.

याशिवाय कुळांचे एक जाळे आहे. चार, पाच, सहा आणि सात देव मानणारी कुळे असे गट असतात. समान देवसंख्येची कुळे एकमेकांची भाऊबंद, म्हणून त्यांच्यात विवाह होत नाही. सोयरीक व्हायची ती दुसऱ्या गटात, आणि तीही बहुधा दुसऱ्या गावात. परिणामी एका गावाचे भांडण शेजारच्या गावात व्याही, मेहुणे, भाचे यांच्या कानांवर लगेच जाते आणि तेच मध्यस्थी करतात. पोलीस ठाणे नसलेल्या मुलखात शांतता कशी राहिली, याचे निम्मे उत्तर या सोयरिकीत आहे.

इंग्रजी अमलात या व्यवस्थेचा मुख्य आधार काढून घेतला गेला, तो म्हणजे जंगल. १८६५, १८७८ आणि १९२७ च्या वनकायद्यांनी ज्या रानाच्या उपयोगाचे नियम गावसभा ठरवीत असे, ते रान सरकारचे झाले. गावाला सभा राहिली, पण सभेला ठरवण्यासारखे फारसे काही उरले नाही. चांद्याच्या मुलखात मोलमपल्लीचे बाबूराव शेडमाके यांनी १८५८ साली इंग्रजांविरुद्ध उठाव केला. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. गडचिरोलीची मुले आज त्यांचे नाव शाळेत शिकण्याआधी घरी ऐकतात.

हे सारे दूरच्या मुलखाचे आहे असे नाशिकच्या वाचकाने समजू नये. आपल्या सह्याद्रीतील महादेव कोळी समाजातही अशीच सभा होती. तिला 'गोतरणी' म्हणत. १८३० च्या दशकात कॅप्टन मॅकिंटॉश यांनी तिचे वर्णन लिहिले आणि पुढे मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांत ते समाविष्ट झाले. सभेचा प्रमुख 'रगतवान', त्याचा साहाय्यक 'मेटल', गावोगाव फिरून लोकांच्या वर्तनाची खबर घेणारा 'सबला'. याखेरीज 'हाडक्या' आणि 'मडक्या' असे दोन कारभारी होते. ज्याला समाजाबाहेर काढले त्याच्या दारावर उंबराची फांदी लावली जाई, प्रसंगी मेलेल्या गाईचे हाड बांधले जाई. तो शरण आला की मडक्या त्याच्या घराच्या शुद्धीवर देखरेख करी आणि घरातील धान्याची मडकी घेऊन जाई. हे वर्णन वाचताना एकीकडे एका समाजाने स्वतःचे नियम स्वतः राखल्याचे कौतुक वाटते आणि दुसरीकडे उंबराच्या फांदीमागे कोंडलेल्या कुटुंबाचा विचार येऊन मन अस्वस्थ होते. या दोन्ही भावना वाचकाने जवळ ठेवाव्यात. पुढे त्यांची गरज पडणार आहे.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीने आदिवासी क्षेत्रांना विशेष संरक्षण दिले. मात्र गावसभेला कायद्याने ओळखण्यास आणखी जवळजवळ अर्धशतक लागले. खासदार दिलीपसिंह भुरिया यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींनंतर डिसेंबर १९९६ मध्ये संसदेने अनुसूचित क्षेत्रांसाठीचा पंचायत विस्तार कायदा केला. तो 'पेसा' या लघुनावाने ओळखला जातो. गाव म्हणजे महसुली कागदावरील गाव नव्हे. परंपरेप्रमाणे आपला व्यवहार चालविणारी वस्ती किंवा वस्त्यांचा समूह म्हणजे गाव, ही त्याची व्याख्या. आपल्या रूढी, सामूहिक साधनसंपत्ती आणि तंटे मिटविण्याची पारंपरिक पद्धत जपण्यास ग्रामसभा सक्षम आहे, असेही हा कायदा सांगतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने पुढचे पाऊल टाकले आणि गावाला सामूहिक वनहक्क मागण्याचा मार्ग मोकळा केला. महाराष्ट्राने पेसाचे नियम मात्र २०१४ साली केले. कायदा आणि नियम यांत अठरा वर्षांचे अंतर पडले; तेवढ्या काळात जन्मलेले मूल मतदार झाले.

कायद्याची वाट न पाहता ज्या गावाने आपले राज्य चालवून दाखविले, ते धानोरा तालुक्यातील मेंढा. शेजारच्या लेखा गावामुळे त्याला मेंढा-लेखा म्हणतात. सुमारे शंभर घरांचे हे गोंड गाव आहे. आपल्या त्र्यंबकेश्वरी उगम पावणारी गोदावरी पुढे ज्या मुलखातून वाहते, तेथे तिच्यावर इंचमपल्ली येथे आणि इंद्रावतीवर भोपालपट्टणम येथे मोठी धरणे बांधण्याची योजना होती. १९८० च्या दशकात बाबा आमटे, लालश्याम शाह महाराज आदींच्या पुढाकाराने 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन झाले. त्या आंदोलनात मेंढ्याचे देवाजी तोफा यांच्यासारखे तरुण घडले. धरणे थांबली, पण जंगल वाचवावयाचे तर गावाने स्वतः उभे राहिले पाहिजे, हा विचार राहिला. सर्वोदय विचाराचे कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांची गावाला साथ मिळाली. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तेथून महाराष्ट्रभर गेली.

ही घोषणा अनेकांना बंडाची वाटली. तिचा पूर्वार्ध नीट वाचला तर गैरसमज राहू नये. दिल्ली-मुंबईचे सरकारही आमचेच आहे, असे ती आधी म्हणते.

मेंढ्याची ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेते. घरातून केवळ पुरुषाने येऊन भागत नाही, स्त्रीनेही आले पाहिजे असा आग्रह असतो. मजुरीतील दहावा हिस्सा गावाच्या कोषात टाकण्याचा नियम गावाने स्वतः केला. ख्रिस्ती वाचकांना दशमांश आठवेल. त्याचबरोबर अभ्यासमंडळ चालते. निर्णय ग्रामसभेत घ्यावयाचा. पण त्यापूर्वी विषय समजून घेण्यासाठी ज्यांना रस आहे त्यांनी एकत्र बसावयाचे, हवे तर बाहेरचा जाणकार बोलवावयाचा. जाणकाराने माहिती द्यावी, निर्णय देऊ नये. शहरातील किती संस्था हा भेद पाळतात?

२००९ साली वनहक्क कायद्यान्वये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क मिळविणाऱ्या पहिल्या गावांत त्याचे नाव घेतले जाते. तरीही बांबू तोडून विकावयाचा तर वाहतूक परवाना वनखात्याकडेच. कागदावर हक्क आणि रस्त्यावर अडवणूक अशी स्थिती दोन वर्षे राहिली. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आले. त्यानंतर गावाने स्वतः बांबू विकला. २०१३ साली गावातील जमीनधारकांनी आपल्या जमिनी १९६४ च्या ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेकडे सोपविण्याचा निर्णय घेतला. मिलिंद बोकील यांचे 'गोष्ट मेंढा गावाची' हे पुस्तक ही कहाणी सविस्तर सांगते. आपल्या धर्मग्रामांच्या वाचनालयांत ते अवश्य असावे.

मेंढा एकटे राहिले नाही. गडचिरोली जिल्ह्यात पुढे एक हजाराहून अधिक गावांना सामूहिक वनहक्क मिळाले. अनेक ग्रामसभांनी तेंदूपानांचा लिलाव स्वतः करण्यास सुरुवात केली. कोरची तालुक्यात सुमारे नव्वद ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा स्थापन केली आणि तेथे स्त्रियांचा सहभाग हा नियम झाला. जुन्या इलाक्याचेच हे नवे रूप म्हणावे लागेल, फक्त जुन्या इलाक्यात स्त्रिया बसत नसत.

स्त्रियांचा उल्लेख आला म्हणून या पद्धतीच्या उणिवांकडे वळू. जुन्या सभांतून स्त्रियांना बोलण्याची जागा बहुधा नव्हती. मासिक पाळीच्या दिवसांत त्यांनी गावाबाहेरच्या 'कुर्मा घरा'त राहण्याची प्रथा अनेक माडिया-गोंड गावांत अद्याप आहे. परंपरेने चालत आले म्हणून सारेच चांगले, असे मानण्याचे कारण नाही. आपल्या नाशिकमध्येच २०१३ साली एका तरुणीच्या हत्येनंतर जातपंचायतींच्या जुलमाविरुद्ध चळवळ उभी राहिली आणि तिच्या रेट्याने महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा केला. गोंडांची गावसभा आणि जातपंचायत या वेगळ्या संस्था आहेत. तथापि बहिष्काराचे शस्त्र दोघींच्याही हाती येऊ शकते.

येथे आपला अवघड प्रश्न येतो. ज्या गावात भूमिदेवतेची पूजा, पेरणी आणि ग्रामसभा या एकाच धाग्यात गुंफलेल्या आहेत, तेथे एखादे कुटुंब ख्रिस्ती झाले तर ते गावाचे राहते की नाही? डिसेंबर २०२२ मध्ये छत्तीसगडमधील नारायणपूर परिसरातील अनेक ख्रिस्ती आदिवासी कुटुंबांना आपली गावे सोडून आसरा शोधावा लागला. २ जानेवारी २०२३ रोजी नारायणपूर येथील कॅथलिक चर्चवर जमावाने हल्ला करून पवित्र मूर्तींची मोडतोड केली. बस्तरमध्ये मृतदेह गावात पुरण्यावरूनही वाद झाले. हा भाग गडचिरोलीला लागून आहे, आणि ज्या सभांविषयी आपण वर आदराने बोललो तशाच सभांच्या नावाने यांपैकी काही गोष्टी झाल्या. त्यामागे बाहेरच्या संघटनांची चिथावणी होती असे अनेकांचे म्हणणे आहे, आणि त्यात तथ्य आहे असे प्रस्तुत लेखकालाही वाटते. परंतु सर्वसहमतीची पद्धत मूळात ज्याला पटत नाही त्याच्यासाठी थांबणारी आहे. तिला न पटणाऱ्याला हाकलण्याचे साधन बनवणे म्हणजे तिचाच घात होय, हे म्हणण्याचा नैतिक अधिकार आपल्याला केव्हा मिळेल? आपण त्या सभेत बसत असू तर.

कायद्याविषयी एक गोष्ट स्पष्ट असावी. ख्रिस्ती झाल्याने आदिवासी व्यक्तीचा अनुसूचित जमातीचा दर्जा जात नाही. १९५० च्या अनुसूचित जातींसंबंधीच्या आदेशात धर्माची अट आहे, अनुसूचित जमातींच्या आदेशात ती नाही. ख्रिस्ती आदिवासींना यादीतून वगळावे अशी मागणी अलीकडे जोराने केली जाते, तिचा रोख हीच तरतूद बदलण्याकडे आहे. ग्रामसभेचे सदस्यत्व तर मतदार यादीवरून ठरते. तेथे धर्माचा प्रश्नच येत नाही.

तरी अनेक ठिकाणी आपलेच भाविक ग्रामसभेपासून दूर राहतात. पूजेच्या वेळी काय करावे हा संकोच असतो, देवकार्याची वर्गणी द्यावी की नाही ही शंका असते, आणि मग हळूहळू रस्ता, पाणी, जंगल यांच्या चर्चेलाही जाणे सुटते. धर्मगुरूंनी व प्रचारकांनी या संकोचाविषयी मोकळेपणाने बोलावयास हवे. छोटा नागपूरच्या मिशनचा इतिहास येथे मार्गदर्शक ठरेल. १८८५ साली तेथे गेलेले येशूसंघीय फादर कॉन्स्टंट लिव्हन्स यांनी प्रथम मुंडा लोकांचे जमिनीविषयीचे रिवाज शिकून घेतले आणि न्यायालयात त्यांची बाजू मांडण्यास मदत केली. फादर जॉन हॉफमन यांनी तर १९०८ च्या छोटा नागपूर कुळकायद्याच्या घडणीत हातभार लावला आणि मुंडांच्या खुंटकट्टी हक्काला कायद्यात स्थान मिळाले. आपल्या काळात फादर स्टॅन स्वामी यांनी झारखंडमध्ये पाचवी अनुसूची व पेसा यांच्या अंमलबजावणीचा आग्रह धरला. ५ जुलै २०२१ रोजी न्यायालयीन कोठडीत असताना मुंबईच्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले.

ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणीतही या विषयाला भक्कम पाया आहे. पोप अकरावे पायस यांनी १९३१ सालच्या आपल्या परिपत्रकात असे तत्त्व सांगितले की, जे काम लहान समूह स्वतः करू शकतो ते मोठ्या संस्थेने त्याच्याकडून काढून घेणे अन्यायाचे आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' मध्ये आदिवासी समूहांच्या भूमीवर प्रकल्प येत असतील तर संवादात त्यांना प्रमुख स्थान असावे असे म्हटले. २०२१ ते २०२४ या काळात झालेल्या सिनडमध्ये महागुरूस्वामी, धर्मगुरू, धर्मभगिनी व प्रापंचिक गोल टेबलांभोवती बसून एकमेकांचे ऐकत होते आणि बोलण्याच्या मधे मौन पाळत होते. रोमला ते नवे वाटले. एखाद्या गोटुलात बसलेल्या गोंड म्हाताऱ्याला त्यात नवे काय ते कळले नसते.

आपल्या जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांत आणि दिंडोरी, इगतपुरी, बागलाण, नाशिक या तालुक्यांतील अनेक गावांत पेसा कायदा लागू आहे. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेलेल्या हजारो शेतकऱ्यांत याच भागातील आदिवासी मोठ्या संख्येने होते आणि वनहक्काचे दावे ही त्यांची प्रमुख मागणी होती. २०१४ च्या नियमांप्रमाणे एखाद्या पाड्यातील मतदारांना आपला पाडा स्वतंत्र गाव म्हणून घोषित करून घेण्यासाठी ठराव करता येतो. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के निधी पेसा क्षेत्रातील ग्रामपंचायतींना थेट मिळू लागला. तो कशावर खर्च व्हावा हे ग्रामसभेने ठरवावयाचे असते. ज्या पाड्यावरून कोणी सभेला जात नाही, त्या पाड्याची विहीर त्या यादीत येत नाही.

ग्रामसभा बहुधा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी किंवा त्यांच्या आसपास भरतात. १५ ऑगस्ट हा पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण आहे आणि त्या दिवशी दूरच्या पाड्यांवरचे भाविक मिस्सासाठी सकाळीच घर सोडतात. परतेपर्यंत ग्रामसभा संपलेली असते. आदिवासी भागातील धर्मग्रामांनी त्या दिवशीची मिस्सा पहाटे ठेवण्याचा किंवा आदल्या संध्याकाळी अर्पण करण्याचा विचार करावा. पॅरिश कौन्सिलच्या जुलै महिन्याच्या बैठकीत हा विषय घेता येईल.